अम्मींचा अर्धा कॅनव्हास

काबा शरीफचे चित्र रंगवलेला कॅनव्हास अम्मींनी भरायला घेतला आणि अर्ध्यावर त्यांची नजर अधू झाली. यंदा सुट्टीत माझ्या मुलीने तो बाहेर काढला. धारणीत तसा काळा दोरा मिळेना. परतवाड्याहून आणलेला जरा निराळा दिसू लागला. भगिनींनो, काळ्यातही छटा असतात! म्हणून नवा दोरा मधेच न जोडता गिलाफच्या सोनेरी पट्ट्याखालून सुरू केला. जोड दिसत नाही.

भरतकामाच्या सुती दोऱ्याला सहा पदर असतात. किती पदर घ्यायचे, ते आधी कडेला भरून पाहावे. जाळी झाकली पाहिजे, पण भोके ताणू नयेत. सपाट भागाला लहान तिरका टाका घालावा. फार ओढला की कॅनव्हास तिरपा होतो.

खऱ्या गिलाफवर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेने आयती भरतात. खाली सुताचा भराव देऊन उठाव आणतात. आम्ही पिवळा रेशमी दोरा घेतला, कारण मेळघाटच्या पावसाळ्यात स्वस्त जर काळवंडते. मणी मोजकेच, सर्वांत शेवटी, दुहेरी दोऱ्याने.

अम्मींचे काही टाके वाकडे आहेत. मुलगी उसवायला निघाली होती. मी म्हटले, "राहू दे, बेटा." आता अम्मी बोटे फिरवून सांगतात, "इथवर माझे."