पोरीच्या हातात कुठलं आलंय बळ?

पाण्याची घागर उचलायची असली की हाक मुलीला जाते आणि वर्गातले बाक हलवायचे असले की गुरुजी म्हणतात, ‘चार पोरं या रे इकडं.’ भरलेली घागर सहज दहा-बारा किलोंची असते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. पोरीच्या हातात बळ कमी, हा समज असा रोजच्या व्यवहारात मुरलेला आहे. तो धाराशिव जिल्ह्यात टिकून राहावा, याचं जास्त नवल वाटतं. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या महिला संघात अश्विनी शिंदे होत्या, त्याही धाराशिवच्याच. खो-खो हा पायांचा खेळ म्हणून ओळखला जातो. पण सव्वाशे सेंटिमीटर उंचीचा गुळगुळीत खांब एका हातानं धरून पूर्ण वेगात वळायचं, तेव्हा पळण्याचा सगळा झोक बोटांवर आणि मनगटावर येतो.

हाताची पकड मोजायला डायनॅमोमीटर नावाचं साधं यंत्र असतं. खुर्चीत बसायचं, कोपर काटकोनात ठेवायचं, मूठ जीव खाऊन आवळायची, असं तीनदा. आकडा किलोत येतो. जगभर लाखो शाळकरी मुलांची पकड अशी मोजून झाली आहे आणि निष्कर्ष बरेचसे जुळतात. दहाव्या वर्षापर्यंत सरासरीत मुलगे किंचित पुढे असतात, पण हा फरक इतका थोडा की कितीतरी मुली वर्गातल्या कितीतरी मुलांना मागे टाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी तर मुलींची उंची आधी झपाट्यानं वाढते आणि उंचीबरोबर पकडही वाढते. सहावीच्या वर्गात पंजा लढवायला लावा आणि गंमत बघा.

खरी फारकत होते ती तेराव्या वर्षाच्या आगेमागे. मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, स्नायू भरतात आणि पकडीचा आलेख उभा चढतो. युरोपातल्या मोजमापांत सतराव्या वर्षी मुलाची पकड साधारण चाळीस किलोंच्या पुढे जाते, मुलीची पंचवीस ते तीसच्या दरम्यान असते. मुलींचीही ताकद त्या वर्षांत वाढतच असते, चढण तेवढी सौम्य. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींमधला फरक निसर्गाचा आहे, पण तो आपण आठ वर्षांच्या मुलीवर लादतो. तिच्याकडून बाक उचलून घेत नाही, झाडावर चढू देत नाही, दोरीला लोंबकळली तर ओरडतो. मग चौथीत ती खरोखरच मागे दिसली, तर त्यात हात तिचा नाही, आपला आहे. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीतही नऊ वर्षांपासून मुलांना पूर्ण पुश-अप आणि मुलींना सोपी केलेली पुश-अप असा भेद ठेवलेला आहे. सोळाव्या वर्षी तो समजू शकतो. नवव्या वर्षी मला तो पटत नाही.

‘कामानं हात घट्ट होतात’ हा दुसरा समज जरा जपून हाताळावा लागतो, कारण तो अर्धा खरा आहे. धुणं पिळणं, म्हशीची धार काढणं, विहिरीवरून पोहरा ओढणं ही पकडीची उत्तम कामं आहेत. पण भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात तेव्हा सोबतची लेकरंही मोळ्या बांधू लागतात, आणि त्यांच्या तळहातावरचे घट्टे बघून कुणी म्हणतं, हात कसा दणकट झालाय! घट्टा म्हणजे घासून जाड झालेली कातडी. त्याचा ताकदीशी संबंध नाही. ताकद वाढायला हळूहळू वाढणारा भार लागतो, मध्ये विश्रांती लागते आणि पोटभर खाणं लागतं. मजुरीत या तिन्हींचा पत्ता नसतो, एकच हालचाल दिवसभर चालू राहते. मनगटाजवळ हाडं वाढण्याच्या ज्या कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्या मुलींमध्ये पंधरा-सोळा आणि मुलांमध्ये सतरा-अठरा वर्षांपर्यंत पूर्ण बुजत नाहीत. सततच्या ताणानं त्यांना इजा होते. जिम्नॅस्टिक्सचा अति सराव करणाऱ्या मुलांच्या मनगटात डॉक्टरांना हे दिसलेलं आहे, मग कोयत्याचं काय सांगावं?

याच्या नेमकी उलट भीतीही आहे, की व्यायामानं उंची खुंटते. नीट शिकवलेल्या ताकदीच्या व्यायामानं उंची खुंटते याला पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी साठ मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे खेळ सांगितले आहेत, मुलगा-मुलगी असा भेद न करता. वयात येण्याआधी व्यायाम केला तर दंड फारसे फुगत नाहीत. मेंदू आणि नसा एकाच वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतात आणि त्यातून ताकद वाढते. ‘महिना झाला, अंगावर काहीच दिसत नाही’ म्हणून मुलाला तालमीतून काढणाऱ्या बापानं हे लक्षात घ्यावं.

पकडीसाठी मल्लखांबासारखा खेळ दुसरा नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या सरावाचा उल्लेख आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून सीमा ओलांडली की फार लांब नाही. दोरीचा मल्लखांब आज मुली आवर्जून करतात. खांब नसेल तर कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळलं तरी चालतं.

चेंडू दाबत बसण्याचा उपाय मात्र अपुरा आहे. त्यामागे समज असा, की बळ बोटांत असतं. उजव्या हाताची कोपराखालची बाजू डाव्या हातानं धरा आणि उजवी मूठ आवळून बघा, आत काय हलतंय ते कळेल. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथं आहेत, त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांत जातात. बोटं उघडणारे आणि मनगट स्थिर धरणारे स्नायू त्याच्या पाठच्या बाजूला असतात, आणि चेंडू दाबून त्यांना पुरेसं काम मिळत नाही. ओढणं, उचलणं, लोंबकळणं, फेकणं असं सगळं हवं.

अंगानं भरलेलं मूल म्हणजे ताकदवान, हेही सरसकट खरं नाही. अशा मुलाचा यंत्रावरचा आकडा मोठा येऊ शकतो, पण बारला लोंबकळायला सांगितलं की स्वतःचंच वजन पेलत नाही. आणि अक्षर वाईट आलं की ‘हातात जोर नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी वहीचं मागचं पान बघावं. पुष्कळदा मूल पेन्सिल इतकी दाबतं की अक्षरं पलीकडे उमटलेली असतात. तिथं जोर जास्त आणि ताबा कमी असतो. बोटं मोडल्यानं सांधे कमजोर होतात हा समजही सोडून द्यायला हरकत नाही. एका अमेरिकन डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हात सारखेच निरोगी निघाले. त्याला २००९ साली इग-नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक मिळालं.

खाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. सारिका काळे यांनी लहानपणी एकवेळच्या जेवणावर काढलेल्या दिवसांबद्दल स्वतः सांगितलं आहे. ‘बघा, उपाशीपोटीही जमतं’ असा अर्थ त्यातून काढणं क्रूरपणाचं होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलांमध्ये ३१ टक्के. मूठ आवळता येते, पण टिकत नाही, लवकर दम लागतो, अशी तक्रार असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी कपाटात न ठेवता खावी. भाकरीसोबत वरण, उसळ, शेंगदाणे, जमेल त्यांनी अंडी.

आणि काही लक्षणं ताकदीच्या नावाखाली झाकू नयेत. एकच हात अचानक कमजोर होणं, सकाळी बोटं आखडून दुखणं, आधी जमणारी बटणं आता न लागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल शेतावर नसावं, वर्गात असावं, आणि हातात काय होतंय ते त्यानं पथकाला सांगावं, हे घरूनच बजावून पाठवावं.