लीड ढीगभर, गिऱ्हाईक कुठंय?

गूगल अ‍ॅड्सवर मॉड्युलर किचनची जाहिरात. फॉर्म धडाधड येतात, पण फोन केला की ‘मी कुठं भरला?’ नाहीतर ‘सुताराची जागा आहे का?’ यात गूगलचा दोष थोडाच! ‘फॉर्म भरला’ यालाच आपण कन्व्हर्जन म्हटलं, मग गूगलचं आपोआप बोली लावणारं स्मार्ट बिडिंग फॉर्म भरणारेच शोधणार.

म्हणून खरं गिऱ्हाईक कोण, हे गूगलला कळवा. ऑटो-टॅगिंग चालू असेल तर क्लिकबरोबर पेजच्या लिंकमध्ये ‘जीसीएलआयडी’ नावाचा लांबलचक कोड येतो. तो फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यात साठवा. ज्यानं खरंच ऑर्डर दिली, त्याचा कोड रकमेसकट गूगलला अपलोड करा. क्लिकपासून ९० दिवसांच्या आत हं, नंतरचं धरत नाहीत.

शिवाय सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडून ‘नोकरी’, ‘फुकट डिझाइन’ निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बरेच जण टाळतात.