सान्ता, बजेट आणि भिवंडीचं कापड!

डिसेंबर उजाडला की ऑफिसात सिक्रेट सान्ताच्या चिठ्ठ्या निघतात. नेमकं तेव्हाच दिवाळीने पाकीट हलकं केलेलं! त्यात चिठ्ठीत बॉसचं नाव निघालं, तर विचारूच नका. मग घाईघाईत काहीतरी ऑनलाइन मागवायचं. गंमत म्हणजे आपल्याकडे येणारी असली कितीतरी खोकी भिवंडीजवळच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर पट्ट्यातल्या गोदामांतून निघतात. शेजारीच यंत्रमागांवर कापड विणलं जातं. म्हणजे घरगुती गिफ्टचा कच्चा माल, पुठ्ठा आणि कापड, इथलाच!

रॅपिंग : जपानी फुरोशिकीचा फंडा वापरा. चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. कडा दुमडून टीप मारा, समोरासमोरची टोकं गाठवा. कागद फाटून कचऱ्यात जातो. हा रुमाल उद्या डबा बांधायला कामी येतो.

चांदणी : दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या टाकू नका. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या टोकांना बांधा, मध्ये छोट्या काड्या अडकवून फुगवा, वर पतंगाचा कागद. आत एलईडी दिवाच लावा.

कार्ड : पहिलं छापील ख्रिसमस कार्ड लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये काढलं, तेही पत्रं लिहिण्याचा व्याप वाचावा म्हणून! तुम्ही उलट करा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिंधी चिकटवा आणि चार ओळी स्वतः लिहा.

गोव्यात नाताळला दोदोल, नेवऱ्यांची ताटं शेजारी जातात, तेव्हा किंमत कुणी विचारत नाही. मग बॉसची तरी कशाला भीती? काढा कात्री!