टाटांचे तिघे

निपाणीहून कोल्हापूर तासाभराचं. त्यामुळे फुटबॉलचा नाद असलेला इकडचा माणूस शाहू स्टेडियमवर एकदा तरी उन्हात बसून आलेला असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या संघांची नावं त्याला कोणी शिकवावी लागत नाहीत. तिथे सामना सुरू असताना शेजारचा म्हातारा बोलत असतो तो मात्र समोरच्या खेळाडूंबद्दल नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी हाफबॅकबद्दल बोलत असतो. 'ह्याला पाय हाय, पर त्येच्यासारखी नजर न्हाई' असं म्हणून तो आजच्या पोराला निकालात काढतो. संघ तालमीचा, तालीम पेठेची, आणि पेठ काही कोणी बंद करू शकत नाही. म्हणून जुना खेळाडू तिथे मरत नाही.

मुंबईत नेमकं उलटं झालं. तिथले मोठे संघ कंपन्यांचे. टाटा, कॅल्टेक्स, वेस्टर्न रेल्वे, मफतलाल, महिंद्रा. पोराचा खेळ चांगला असेल तर त्याला नोकरी मिळायची, महिन्याचा पगार हाती यायचा, आणि संध्याकाळी कूपरेजच्या मैदानावर हारवूड लीगचा सामना. खेळाडूच्या दृष्टीने सोय उत्तम. पण कंपनीच्या संघाला पेठ नसते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली कंपनीने संघच मिटवला. कोल्हापुरात एखाद्या तालमीचा संघ असा मिटवून पाहा म्हणावं!

या कंपनीवाल्या संघांपैकी टाटा स्पोर्ट्‌स क्लबचे तीन खेळाडू मला फार दिवस खुणावत आहेत. तिघेही ऑलिंपिकवीर, आणि तिघांचीही नावं आज विचारली तर फुटबॉलवाले सोडून कोणी मान वर करून पाहणार नाही.

पहिला नेव्हिल डिसोझा. बार्देशातल्या आसगावचा, जन्म १९३२. मुंबईकडून राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक जिंकून झाल्यावर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. त्या सालाची आठवण आम्हा सीमाभागातल्या लोकांना द्यायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात टाकलं गेलं. तो दिवस अजून काळा दिन म्हणून पाळला जातो. त्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, १ डिसेंबरला, मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता. नेव्हिलचं गाव तर तेव्हा भारतात नव्हतंच. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, १९५५ पासून नाकेबंदी होती, लोंढ्याहून खाली उतरणारी रेल्वे बंद पडली होती. मुंबईत धोबी तलावच्या कुडांमधून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमधून, राहणाऱ्या गोवेकरांना आपल्या गावी जाणं मुश्कील झालेलं. अशा गावचा मुलगा भारताचा पोशाख घालून मैदानात उतरला.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत पहिली फेरी न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. समोर यजमान. त्यामुळे भारताकडून कोणाला फार आशा नव्हती. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. नेव्हिलने पुन्हा आघाडी घेतली, मॉरोने पुन्हा फेडली. मध्यंतराला २-२. दुसऱ्या डावाला जेमतेम पाच मिनिटं झाली असतील, नेव्हिलने तिसरा मारला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. शेवटी किट्टूने चौथा गोल करून ४-२ असा निकाल पक्का केला. ही हार यजमानांच्या जिव्हारी लागली असणार, कारण ऑलिंपिक संपल्यावर सिडनीत दोन्ही संघ मैत्रीपूर्ण सामन्यात पुन्हा भिडले. तिथे भारताने ७-१ ने धुवून काढलं!

उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी. पहिल्या डावात गोल नाही. दुसरा डाव सुरू होताच नेव्हिलने गोल टाकला, आणि काही मिनिटं भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. मग युगोस्लाव्हियाच्या खात्यात चार गोल पडले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. चौथा क्रमांक. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल आजवर त्याच्या वर गेलेला नाही. नेव्हिलचे चार गोल झाले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तो दोन युरोपियनांबरोबर संयुक्त पहिला आला. १९८० साली, पन्नाशी गाठायच्या आत, तो गेला.

त्याच मेलबर्नच्या चमूत टाटांचा एक गोलरक्षक होता, एस. एस. नारायण. ओट्टपालमचा मल्याळी, वाढला माटुंग्यात, कॅल्टेक्सकडूनही खेळला. १९६० च्या रोमलाही गेला. पीटर थंगराजसारखा उंचापुरा गोलरक्षक त्याच काळात असल्यामुळे नारायणचं नाव नेहमी दुसरं यायचं. गोलरक्षकाचं कौतुक तसंही चूक होईपर्यंतच टिकतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात वयाच्या ८६ व्या वर्षी तो वारला.

तिसरा फॉर्च्युनाटो फ्रँको. हाही बार्देशचाच, कोलवाळचा. लहानपणी मुंबईला आला, आधी वेस्टर्न रेल्वे, मग टाटा. हाफबॅक. म्हणजे काय, तर समोरच्याचा चेंडू हिसकावायचा, आपल्या पुढच्याला द्यायचा आणि टाळ्या त्याला मिळू द्यायच्या. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, त्या संघातला हा मधल्या फळीचा माणूस. त्या स्पर्धेतलं वातावरण फार वाईट होतं. इस्रायल आणि तैवानला न बोलावल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी बोलले, आणि यजमान प्रेक्षक भारतावर खवळले. अंतिम सामन्यात प्रचंड गर्दी दक्षिण कोरियाच्या बाजूने ओरडत होती, आणि आपल्यासाठी गॅलरीत टाळ्या वाजवत होता पाकिस्तानचा हॉकी संघ! पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, २-१. नावं त्यांची झाली. पुढे १९६४ मध्ये फ्रँकोच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ लवकर संपवला. तोही २०२१ मध्येच गेला, मे महिन्यात, गोव्यात.

आता हे तिघे मागे का पडले? एक कारण उघड आहे. भारतीय फुटबॉलचा इतिहास मुख्यतः कोलकात्यात लिहिला गेला, आणि तिथे मोहन बागान-ईस्ट बंगालच्या बाहेरचं जग पाहुण्यासारखं येतं. दुसरं कारण मला जास्त पटतं. नेव्हिल आणि फ्रँको गोव्याचे म्हणावे तर नाव कमावलं मुंबईत. मुंबईचे म्हणावे तर माणसं गोव्याची, आणि कंपनीला तर निवृत्त कामगार एवढंच नातं. नारायणला केरळनेही आपला म्हणावं, महाराष्ट्रानेही, असं असताना दोघांनी एकमेकांवर सोडलं. कोणत्या राज्याने आपलं म्हणायचं हे ठरत नाही तोवर काय होतं, हे बेळगाव-निपाणीच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जींचा. मग बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसुफ खान, थंगराज अशी दरवर्षी रांग लागली. बहुतेक सगळे जाकार्ताच्या त्याच संघातले. त्या रांगेत फ्रँको नाही, नेव्हिल नाही, नारायण नाही. गोव्याच्या फुटबॉलपटूला हा पुरस्कार मिळायला १९९७ साल उजाडलं. तो मिळाला ताळगावच्या ब्रह्मानंद संखवाळकरला, साळगावकर क्लबच्या गोलरक्षकाला, ज्याने १९८३-८४ च्या संतोष करंडकात ५७६ मिनिटं गोल होऊ दिला नव्हता.