शव्वालचे सहा रोजे आणि इमाम मालिक यांची धास्ती

ईदच्या दिवशी रोजा वर्ज्य. पण दुसऱ्याच पहाटे अनेक घरांत पुन्हा सहेरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणासाठी, दिवा लागतो. शव्वाल म्हणजे रमजाननंतरचा महिना; त्यातले हे सहा रोजे नफिल, म्हणजे ऐच्छिक. दसपट पुण्याचा हिशेब सर्वश्रुत आहे: रमजानच्या ३० रोज्यांचे ३००, या सहांचे ६०, वर्ष भरलं! याची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे आणि ती सांगणारे अबू अय्यूब अन्सारी. हिजरतनंतर, म्हणजे मक्का सोडल्यावर, मदिनेत पैगंबर उतरले ते त्यांच्याच घरी.

इतकं भक्कम नाव पाठीशी असताना मदिनेचेच इमाम मालिक (मृत्यू ७९५) या रोज्यांना नाक मुरडतात, हे विलक्षण आहे. मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथाच्या यह्या लैसींच्या पाठात त्यांचं मत स्वच्छ नोंदलेलं आहे. एकाही जाणत्या माणसाला हे रोजे ठेवताना आपण पाहिलं नाही, असं ते सांगतात. अजाण लोक हे सहा दिवस रमजानलाच जोडून टाकतील, ही त्यांची धास्ती.

ही हदीस त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, असं कॉर्डोबाचे इब्न अब्दुल बर म्हणतात. ते पटायला जड जातं. हदीस ज्यांच्याकडून पुढे गेली ते साद बिन सईद मदिनेचे. त्यांचे भाऊ यह्या तर मालिक यांचे गुरू. मात्र साद यांच्या स्मरणशक्तीवर काही हदीसतज्ज्ञांचा आक्षेप होता, हे हदीससंग्राहक तिर्मिजींनीच लिहून ठेवलं आहे. आणि गंमत पाहा: मालिक स्वतः गुपचूप हे रोजे ठेवत, असं त्यांचे शिष्य मुतर्रिफ सांगतात. ते खरं असेल, तर या माणसाबद्दलचा आदर वाढतोच. स्वतःच्या भक्तीला मोकळीक दिली, पण लोकांसाठी फर्जची, म्हणजे सक्तीच्या रोज्यांची, हद्द पुसट होऊ दिली नाही.

धास्ती खरी ठरल्याची साक्ष सुमारे पाचशे वर्षांनी मिळते. कैरोचे मालिकी पंडित कराफी 'अल-फुरूक'मध्ये आपल्याला हदीसतज्ज्ञ मुन्जिरींनी सांगितलेली हकिकत देतात. अजम मुलखात, म्हणजे अरबांच्या पलीकडच्या प्रदेशात, सहेरीला उठवणारे लोक आणि रमजानचा सगळा थाट सहावा रोजा संपेपर्यंत तसाच चाले. ईदचा थाट त्यानंतर! मुन्जिरी शाफई, म्हणजे हे रोजे सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रीतीतले, मानणाऱ्या पंथाचे. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे. पुढच्या मालिकींनी तोडगा काढला: ईदला लागून, सलग आणि चारचौघांत दाखवून ठेवले तर मकरूह, म्हणजे नापसंत, एरवी हरकत नाही.

जावा बेटावरचे मुसलमान कोकणातल्या मुसलमानांसारखेच शाफई. तिथे ईद पहिल्या शव्वालला होतेच. शिवाय हे सहा रोजे संपल्यावर, आठव्या शव्वालला, 'लेबारान केतुपात' हा वेगळा सण असतो. नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत तांदूळ भरून तासन्‌तास उकडतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. आठव्या शव्वालला ईद मानू नये, असं चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न तैमिया यांनी बजावलं होतं. जावामध्ये मात्र केतुपात रमजानची हद्द ओलांडत नाही, कारण मोठी ईद आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते.