गणवेश उतरल्यानंतर

छत्रपती संभाजीनगर या शहराचे सैन्याशी जुने नाते आहे. नगराच्या एका अंगास छावणीचा विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे. मुलांना सैन्यातील अधिकारपदासाठी तयार करणारी सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ साली येथेच स्थापन झाली. सैन्यात गेलेली माणसे सेवा संपल्यावर आपापल्या गावी परततात. त्यांना आपण माजी सैनिक म्हणतो.

हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे बहुधा पुरुषाचीच मूर्ती उभी राहते. वास्तविक स्त्रियांची सैनिकी सेवाही जुनी आहे. १८८८ साली दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेचा पाया घातला गेला. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असता, स्त्रियांचे साहाय्यक दल उभारले गेले. १९९२ पासून सैन्याच्या इतर शाखांतही स्त्रिया अधिकारी होऊ लागल्या, आणि २०२१ साली लष्करी पोलीस दलात स्त्री-जवानांची पहिली तुकडी दाखल झाली.

अशी स्त्री सेवेतून परतते, तेव्हा तिच्यापुढे कोणते प्रश्न असतात? पहिला प्रश्न चरितार्थाचा. अधिकाऱ्यास निवृत्तिवेतन मिळण्यास सामान्यतः वीस वर्षांची सेवा लागते. परंतु बहुतेक शाखांतील स्त्री-अधिकाऱ्यांना दीर्घकाळ चौदा वर्षांपलीकडे सेवा करता येत नसे. ऐन उमेदीच्या वयात निवृत्तिवेतनावाचून घरी परतणे त्यांच्या वाट्यास येई. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुरुषांप्रमाणे स्थायी सेवेची संधी देण्याचा निर्णय दिला, तेव्हा ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली.

दुसरा प्रश्न ओळखीचा. कार्यालयात आलेल्या स्त्रीला लोक सैनिकाची पत्नी समजतात. ती स्वतःच सैनिक होती, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. तिसरा प्रश्न एकटेपणाचा. छावणीत सुखदुःखाच्या सोबतिणी असतात. गावी परतल्यावर त्या दिवसांविषयी बोलावे, असे माणूस जवळ नसते.

या कामी साहाय्य करण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तेथे नोंदणी केल्यावर माजी सैनिकास ओळखपत्र मिळते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पुरी करणे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविणे, अडचणीत सापडलेल्यांना आर्थिक मदत मिळवून देणे ही कामे हे कार्यालय करते. वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींनाही त्याचा आधार असतो. औषधोपचारासाठी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे. या सोयी स्त्री-सैनिकांसाठीही आहेत. मात्र त्यांची माहिती तिच्यापर्यंत पोहोचली, तरच त्यांचा उपयोग.

येथेच समाजाचे काम सुरू होते. माजी सैनिकांच्या मेळाव्यास तिलाही अगत्याने बोलवावे, ध्वजवंदनाचा मान तिलाही द्यावा, तिच्या शिस्तीचा व अनुभवाचा लाभ शाळेने व ग्रामपंचायतीने घ्यावा. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांनी सैन्यात वैद्यकीय सेवा केली आणि २०२१ साली नाशिक येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले. स्त्री-सैनिकाचे ज्ञान निवृत्तीनंतरही समाजाच्या किती उपयोगी पडते, हे यावरून दिसून येते.

मुलींसाठीही २०२३ साली नाशिक येथे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था निघाली. आज जाणाऱ्या या मुली काही वर्षांनी माजी सैनिक म्हणून परततील. त्यांच्या स्वागताची तयारी आजपासूनच व्हावयास हवी. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी जमणारा निधी सैनिक, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबियांच्या कल्याणासाठी वापरला जातो. छातीवर तो लहानसा ध्वज लावताना या भगिनींचेही स्मरण ठेवावे. त्यांनी देशाची सेवा केली आहे. त्यांना देण्यात येणारे साहाय्य हे दान नसून समाजाने फेडावयाचे ऋण आहे.