मिक्सरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेताना तो फाटतो का?

आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत अभंगांचा कार्यक्रम झाला. मिक्सरच्या मेन आउटमधून एक वायर काढून मी ती लॅपटॉपच्या माइक सॉकेटला लावली. सुरुवातीला मीटर लाल झालं, म्हणून विंडोजमधला स्लायडर खाली ओढला. मीटर हिरवं. मीही निश्चिंत. घरी येऊन ऐकलं तर पखवाजाच्या प्रत्येक थापेला फरफर, आणि वरच्या सुरात गायकाचा आवाज भेंडासारखा चिरलेला. दोन तासांचं गाणं गेलं. ते परत तसं होणार नव्हतं.

मीटर हिरवं असताना आवाज फाटलाच कसा? मी फाइल ऑडॅसिटीत उघडून झूम केली, तेव्हा उत्तर समोरच होतं. लहरींचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट, आणि तेही शून्य डेसिबलच्या बरेच खाली. म्हणजे सिग्नल आधी कापला गेला आणि नंतर लहान केला गेला. माइक सॉकेटच्या मागे एक ॲनालॉग ॲम्प्लिफायर असतो. तो काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेला, आणि मी त्याला सव्वा व्होल्ट दिला होता. माझा स्लायडर त्याच्यानंतर काम करत होता. वरून ‘माइक बूस्ट’ २० डेसिबलवर होतं, हे नंतर कळलं!

असे सपाट माथे तुमच्या फाइलमध्ये दिसले तर एक लक्षात घ्या: कापलेला भाग फाइलमध्ये नाहीच. ‘डीक्लिप’सारखी साधनं तिथे अंदाजाने काहीतरी भरतात. एखाद-दुसऱ्या ठिकाणी चालून जातं, दोन तासांना नाही.

आता आकडे बघू. व्यावसायिक मिक्सरची लाइन लेव्हल +४ डीबीयू असते, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची –१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. डीबीयू ०.७७५ व्होल्टपासून मोजतात आणि डीबीव्ही १ व्होल्टपासून, त्यामुळे ४ आणि –१० बघून फरक १४ आहे असं वाटतं. खरा फरक ११.८ डेसिबल, म्हणजे व्होल्टेजमध्ये जवळपास चौपट. साउंड कार्डच्या आत मात्र वेगळीच पट्टी: डीबीएफएस. तिथे शून्य म्हणजे छत. मिक्सरवर शून्य म्हणजे ‘नेहमीचं काम इथे करा’, वर अजून १५-२० डेसिबल जागा शिल्लक. दोन्हीकडे ० लिहिलेलं असतं आणि अर्थ अगदी उलटा! बहुतेक गोंधळ इथूनच होतो.

म्हणून दोन्ही पट्ट्या एकदा जुळवून घ्यायच्या. मिक्सरवरचं शून्य कार्डवर –१८ डीबीएफएसला बसवायचं. युरोपातल्या प्रसारण संस्थाही हाच आकडा वापरतात. पखवाज, टाळ यांचे क्षणिक झटके सरासरीच्या कितीतरी वर जातात, त्यांना ही १८ डेसिबलची मोकळी जागा लागते. ‘एवढं कमी रेकॉर्ड केलं तर खरखर येईल’ ही भीती १६ बिटच्या काळातली. २४ बिटला, कागदावर तरी, १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. नंतर आवाज वाढवला तरी काही बिघडत नाही.

करायचं कसं? आधी हॉलचे स्पीकर बंद करा. (हे मी विसरलोय एकदा, पहिल्या रांगेतल्या आजी अजून बोलून दाखवतात.) ऑडॅसिटीत १००० हर्ट्झचा साइन टोन बनवून फोनमध्ये घ्या आणि फोन मिक्सरच्या लाइन चॅनलला जोडा. मेन फेडर शून्याच्या खुणेवर ठेवून चॅनलचा गेन असा लावा की मिक्सरचं मीटर ० दाखवेल. मग मिक्सरला हात न लावता कार्डच्या गेनने लॅपटॉपवर –१८ आणा. कार्डवर ‘लाइन’चं बटण असेल तर तेच निवडा, माइकचं नको. गेन पूर्ण खाली नेऊनही आकडा वरच राहिला, तर कार्डचं इनपुट तेवढं झेपवू शकत नाही, असं समजा. तिथे पॅडचं बटण दाबा किंवा मिक्सरचं ‘टेप आउट’ अथवा ‘रेक आउट’ घ्या. ते बहुधा –१० डीबीव्हीचंच असतं.

मेन आउटमधून रेकॉर्डिंग घ्यायला माझा आता विरोधच आहे. कार्यक्रमात मागून कोणीतरी ‘आवाज वाढवा’ म्हणतंच. फेडर वर गेला की रेकॉर्डिंगही वर जातं, आणि जुळवलेलं सगळं वाया. चॅनलच्या फेडरआधी निघणारा ऑक्स रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवला तर हॉलमध्ये काहीही करा, लॅपटॉपला पत्ता लागत नाही. त्यासाठी जुळवणीही त्याच ऑक्सवर करायची, एवढंच.

उलट बाजूने, म्हणजे लॅपटॉपमधला ट्रॅक मिक्सरला देताना, लेव्हलपेक्षा वायर जास्त फसवते. हेडफोनच्या स्टिरिओ जॅकमधून एकाच बॅलन्स्ड इनपुटला वायर लावली तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे तो जवळजवळ गायब होतो आणि वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात. लोक मग गेन वाढवत बसतात. डावा-उजवा वेगळा करणारी वाय वायर घ्या, दोन लाइन चॅनलना लावा. माइकच्या चॅनलला लावणार असाल तर आधी ४८ व्होल्टचं फँटम बंद आहे ना ते बघा, नाहीतर लॅपटॉपचं आउटपुट जायचं.

यंदाच्या एकादशीला मी तासभर आधी जाऊन टोन लावला. पखवाजाची सगळ्यात जोरकस थाप –५ ला गेली.